क्षार साचतात, व्याज चढते : ‘वाढ’ या शब्दासाठी इंग्रजीत काय लिहावे?

प्रश्न : आमच्या भागातील क्षारपड जमिनींविषयीचा एक अहवाल मी मराठीतून इंग्रजीत करीत आहे. मूळ मजकुरात एकाच पानावर ‘वाढ’ हा शब्द सहा वेळा आला आहे : क्षारांची वाढ, भूजल पातळीत वाढ, नदीकाठच्या गाळात वाढ, थकबाकीवरील व्याजात वाढ, खर्चात वाढ आणि तक्रारींत वाढ. सर्वत्र ‘इन्क्रीज’ लिहिले तर वाचताना कंटाळा येतो. समानार्थी कोशात अ‍ॅक्युम्युलेशन, अ‍ॅक्रीशन, अ‍ॅक्रुअल, इन्क्रिमेंट, एस्कलेशन आणि अ‍ॅग्लोमरेशन हे शब्द मिळाले. ते आलटूनपालटून वापरले तर चालेल का?
— एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : आलटूनपालटून वापरू नयेत. समानार्थी कोश या शब्दांना एका पंगतीत बसवतो, पण प्रत्येकाचे घराणे वेगळे आहे, आणि जाणता वाचक ते लगेच ओळखतो.

अडचणीची सुरुवात मूळ मराठी मजकुरातच झाली आहे, असे मला वाटते. बांधावर उभे राहून कोणीही ‘क्षारांची वाढ झाली’ असे म्हणत नाही. क्षार साचतात, विहिरीचे पाणी वर येते, गाळ बसतो, व्याज चढते, खर्च फुगतो आणि तक्रारींचे पेव फुटते. अहवालाच्या भाषेने ही सहा जिवंत क्रियापदे पुसून त्यांच्या जागी एकच नाम बसवले. आपण आधी ती क्रियापदे परत आणावीत. मग इंग्रजी शब्द निवडणे पुष्कळ सोपे होईल.

क्षारांपासून सुरुवात करू. काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिले आणि निचऱ्याला वाट ठेवली नाही, की भूजल वर चढते, पृष्ठभागाशी येऊन त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात अशा रानात सरीच्या वरंब्यावर जो पांढरा थर दिसतो, तो हाच. येथे ‘अ‍ॅक्युम्युलेशन’ हाच शब्द योग्य आहे. त्याच्या पोटात रास या अर्थाचा ‘क्युम्युलस’ हा लॅटिन शब्द आहे. भूगोलाच्या पुस्तकातील क्युम्युलस ढगांना, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगांना, हेच नाव आहे. थोडे थोडे येत राहणे, बाहेर न जाणे आणि त्यामुळे साठा होणे, एवढे सगळे या एका शब्दात येते. साध्या गद्यात ‘बिल्डअप’ही चालते, कारण नको असलेली वस्तू साचण्याची छटा त्यात आहे. भूजल पातळीसाठी मात्र ‘राइज’ लिहावे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या पाण्याला कोणी ‘अ‍ॅक्युम्युलेशन’ म्हटले, तर गटार तुंबून पुलाखाली पाणी साचले होते, असा अर्थ निघेल.

‘अ‍ॅक्रीशन’ हा शब्द मला या यादीत सर्वांत सुंदर वाटतो. वाढणे या अर्थाच्या ‘क्रेस्केरे’ या लॅटिन क्रियापदापासून तो आला. त्याच कुळात ‘इन्क्रीज’ आहे, ‘इन्क्रिमेंट’ आहे आणि वाढत्या चंद्रकोरीचे ‘क्रेसेंट’ हे नावही आहे. बाहेरून कण येऊन चिकटत जाणे आणि त्यामुळे मूळ वस्तूच मोठी होणे, हा त्याचा अर्थ. नदीकाठी गाळ बसून जी जमीन तयार होते, तिला महसुलाच्या भाषेत आपण मळई म्हणतो. इंग्रजी कायद्यात अशा भरीला ‘अ‍ॅक्रीशन’ म्हणतात, पण ती नकळत, कणाकणाने पडलेली असली पाहिजे. एका पुरात नदीने पात्र बदलले आणि जमिनीचा तुकडा तोडून पलीकडे टाकला, तर त्याला ‘अव्हल्शन’ हा वेगळा शब्द आहे, आणि त्याने मालकीची हद्द सरकत नाही. आपल्या अहवालात काठाची जमीन हळूहळू वाढल्याचे म्हटले असेल तर ‘अ‍ॅक्रीशन’ लिहा; नुसता पात्रात गाळ बसल्याचे म्हटले असेल तर ‘सिल्टेशन’ पुरे आहे.

व्याजासाठी ‘अ‍ॅक्रू’ हे क्रियापद आहे, आणि येथे चूक झाली तर ती पैशाची होते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या रकमेवर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. ही थकबाकी ‘अ‍ॅक्युम्युलेट’ होते, म्हणजे हप्त्यावर हप्ता साचतो. व्याज मात्र ‘अ‍ॅक्रू’ होते, म्हणजे दिवस उलटेल तसा त्यावर शेतकऱ्याचा हक्क आपोआप निर्माण होत जातो. रक्कम हाती पडलेली नसली तरी हक्क जन्मलेला असतो, ही गोष्ट त्या एका शब्दात आहे. दुसरा शब्द घातला तर ती निसटते.

खर्चासाठी ‘एस्कलेशन’ घ्यावे. टेंभू किंवा म्हैसाळ योजनेचे पाणी जसे टप्प्याटप्प्याने वर उचलले जाते, तशीच पायरीपायरीने चढण्याची कल्पना त्यात आहे. ‘इन्क्रिमेंट’ पगारवाढीसाठी ठेवावे. ‘अ‍ॅग्लोमरेशन’ म्हणजे सुताचा गुंडा व्हावा तसे एकत्र गोळा होणे; सांगली, मिरज, कुपवाड यांसारख्या एकमेकांना भिडलेल्या शहरांसाठी तो शब्द शोभतो, आपल्या अहवालात त्याला काम नाही.

राहिल्या तक्रारी. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत होती आणि २००५ च्या पुरात त्यांतील बरीच पेवे पाण्याखाली जाऊन निकामी झाली. असे जाणूनबुजून साठवण्याला इंग्रजीत ‘स्टोअर’ किंवा ‘स्टॉक’ म्हणतात, आणि भाव चढावा म्हणून दडवून ठेवण्याला ‘होर्ड’. चौकातल्या जाहिरातीच्या ‘होर्डिंग’शी त्याचा काही संबंध नाही. परंतु ‘पेव फुटणे’ यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तो ‘स्पेट’, आणि त्याचा मूळ अर्थ नदीला अचानक आलेला लोंढा. ‘अ स्पेट ऑफ कम्प्लेंट्स’ हे इंग्रजी वाचकाच्या कानाला सहज वाटेल, आणि आपल्या मराठीच्याही ते जवळ आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. क्षार साचण्याचा उल्लेख अहवालात वीस वेळा आला, तर वीसही वेळा ‘अ‍ॅक्युम्युलेशन’च लिहावे. कंटाळ्याच्या भीतीने तिसऱ्या परिच्छेदात ‘अ‍ॅक्रीशन’ आणि पाचव्यात ‘एस्कलेशन’ केले, तर वाचणारा अधिकारी या तीन निरनिराळ्या प्रक्रिया समजेल आणि निचऱ्याचा खर्च नेमका कशासाठी मागितला आहे, असे उलट विचारील.