शुद्धता ९५ टक्के, तरी प्रोटीन टाकलं की पेशी का चवताळतात?

तुमचा प्रश्न असा: ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं, लेबलवर ९५ टक्के शुद्ध लिहिलेलं रीकॉम्बिनंट (बाहेरचं जनुक घालून बनवून घेतलेलं) प्रोटीन मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकलं की दर वेळी टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू वाढतो; हा प्रोटीनचाच गुण मानायचा का?

इतक्यात मानू नका. मी मानला होता, आणि चार महिने एका खोट्या आलेखावर खूश होतो.

तो ९५ चा आकडा बहुधा जेलवर प्रोटीनं वेगळी करून, ती कुमासी रंगाने रंगवून काढलेला असतो. हा रंग प्रोटीनला लागतो. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन, म्हणजे लिपोपॉलिसॅकराइड, हे प्रोटीनच नाही. त्यामुळे त्या जेलवर ते दिसत नाही. जिवाणू फोडले की ते द्रावणभर पसरतं आणि प्रोटीनला चिकटून, ते शुद्ध करायच्या निकेल कॉलममधूनही बाहेर येतं. मॅक्रोफेजच्या टीएलआर-४ ला, म्हणजे एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला), जागं करायला मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमभरसुद्धा लागत नाही. एचएसपी६० आणि एचएसपी७० ही पेशी ताणात बनवतात ती प्रोटीनं सायटोकाइन (टीएनएफसारखे संदेशवाहक रेणू) वाढवतात, असं एके काळी बऱ्याच जणांना दिसलं होतं. पुढे त्यातला बराचसा परिणाम नमुन्यातल्या एंडोटॉक्सिनचा निघाला. मला तेवढाच दिलासा.

आधी प्रोटीन उकळून बघा. बहुतेक प्रोटीनांची घडी मोडते, एंडोटॉक्सिन मात्र तगून राहतं. माझ्या नमुन्यात उकळल्यावरही टीएनएफ जसाच्या तसा होता, तिथेच काय ते कळलं. काही प्रोटीनं उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून एक नमुना प्रोटीनेज-के हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम घालूनही ठेवा. पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक एंडोटॉक्सिनला धरून ठेवतं, ते घातल्यावर परिणाम ओसरला तर संशय पक्का. ओसरला नाही म्हणून लगेच सुटलो असं मात्र नाही: एंडोटॉक्सिन जास्त असेल तर पॉलिमिक्सिन पुरं पडत नाही, शिवाय जिवाणूंची लिपोप्रोटीनं टीएलआर-२ या दुसऱ्या ग्राहकामार्फत हाच खेळ करतात आणि त्यांना पॉलिमिक्सिन अडवत नाही. प्रोटीन घरीच, म्हणजे तुमच्याच प्रयोगशाळेत बनवत असाल तर रिकाम्या प्लाझ्मिडचा (तुमच्या प्रोटीनचं जनुक नसलेल्या डीएनए-वर्तुळाचा) नमुनाही अगदी त्याच पायऱ्यांनी शुद्ध करून सोबत लावा. हे कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, लोक हमखास टाळतात.

एंडोटॉक्सिन मोजायला एलएएल चाचणी आहे, हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तपेशींच्या अर्कावर चालणारी. काढायला, प्रोटीन कॉलमवर असतानाच ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने धुणं मला सर्वांत सोयीचं वाटलं. नंतर तो डिटर्जंट नीट धुऊन काढा, नाहीतर पेशी त्यानेच मरतील.

आणि लेबलवरचं ‘फक्त संशोधनासाठी’ म्हणजे निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नका, एवढंच; त्यातून एंडोटॉक्सिनबद्दल काही कळत नाही. एंडोटॉक्सिनचा आकडा वेगळा छापलेला नसेल तर तुमच्या लॉटचा आकडा विक्रेत्याकडून मागवून घ्या.