वडील गेल्यापासून प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही लिहिलंय, वडील जाऊन चार महिने झाले, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की मन लागत नाही, आणि चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी तुम्हाला "विश्वास कमी पडतोय" असं सांगितलं. नाही हो, तसं नाही. हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलंय, म्हणून ठामपणे सांगते.

मी खानापूरची. घरात मराठी, बाजारात कन्नड. माझे यजमान किडनीच्या आजाराने गेले. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने डायलिसिससाठी बेळगावला नेत होते त्यांना. मंडळीने उपास धरून प्रार्थना केल्या, मीही केल्या. ते गेले ऐन आर्द्रा नक्षत्रात. दफनभूमीत खणलेल्या खड्ड्यात सारखं पाणी साठत होतं आणि पोरं बादलीनं उपसत होती. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच असेल. नंतर कितीतरी दिवस प्रार्थनेला डोळे मिटले की ती बादलीच दिसायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणून झालं की पुढे जीभच वळायची नाही.

आमच्या शेजारी एक आक्का राहतात, लिंगायत घरातल्या. त्या पंधरा-वीस दिवस रोज संध्याकाळी दोन जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून आणायच्या. "ऊटा माड्री," म्हणजे जेवा, एवढंच म्हणायच्या आणि मी खाईपर्यंत उंबऱ्याशी बसून राहायच्या. देवाची मर्जी, नशीब, त्यातलं अवाक्षर नाही. फडकं झटकून घडी घालायच्या आणि निघायच्या.

पुढे कधीतरी बायबलातल्या "१ राजे" या पुस्तकातला १९ वा अध्याय समोर आला. एलीया संदेष्टा जीव वाचवून पळालाय, रानात एका झुडपाखाली पडलाय आणि देवाला सांगतोय, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत त्याला रागावत नाही की उपदेश करत नाही. उठवून म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्यातली भाकर मला तोवर कधी दिसलीच नव्हती. त्या दिवशी मी फडक्यातल्या भाकऱ्या आठवून पोटभर रडले. देवाने मला टाकलं नव्हतं. रोज दिवेलागणीला तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसत होता, असं मी आजही मानते.

शब्द सुचत नसतील तर बायबलातलं ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी बहुतेक स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारापाशीच संपतं. तरीही ते शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. देवाला "तू तोंड का लपवतोस" असं विचारणारा माणूसही त्याच्याशीच बोलत असतो ना?

पंडिता रमाबाईंचंही मला फार बळ वाटतं. जन्म आपल्याच कर्नाटकातला. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग 1882 साली नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, त्या गेल्या.

आणि हो, झोप-जेवण महिनोन्‌महिने सुटलं असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा, त्यात अविश्वास कसला? रविवारी उपासनेला जाऊन नुसतं मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. मी सहा महिने तशीच बसत होते. गीताला तोंड उघडवत नसे, शेजारच्या बायका म्हणायच्या आणि मी ऐकायची. मग एके दिवशी मधलं एक कडवं माझ्याही तोंडून निघालं.

आज जेवलात का तुम्ही? नसाल तर आधी दोन घास खाऊन घ्या. स्तोत्र रात्री वाचा.