सीव्हीतला ज्युनिअर इंजिनिअर कॅपिटल की स्मॉल?

भाऊ, व्हिसा, फी, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सगळं ब्रिटन सरकारच्या साइटवर आहे. ते मी उगाळत नाही. पण सीव्हीत ‘ज्युनिअर इंजिनिअर’ कॅपिटलमध्ये लिहू की स्मॉलमध्ये, हे जे तू जाता जाता विचारलंस, तिथे मी अडकलो.

हुद्दा वेगळ्या ओळीवर मथळ्यासारखा असेल तर कॅपिटल. वाक्यात आला, ‘मी यवतमाळला ज्युनिअर इंजिनिअर होतो’, की स्मॉल. नावाला चिकटून पुढे आला, ‘प्रोफेसर देशमुख’, तर कॅपिटल. नुसता ‘द प्रोफेसर’ स्मॉल. वार, महिने, भाषा कॅपिटल, पण ऋतू स्मॉल. आणि पत्राखालच्या ‘युवर्स फेथफुली’त फक्त वाय मोठा. आपल्याकडे अर्जात एफही मोठा ठोकतात.

इथे गार्डियन पेपर पंतप्रधानाचा हुद्दासुद्धा स्मॉलमध्ये छापतो. ‘मा. तहसीलदार साहेब यांच्या सेवेशी’ लिहून मोठे झालेलो आपण. मला तो अपमानच वाटला होता. तिकडे मी कॉलेजात शिकवायचो, बसस्टँडवरही पोरं ‘सर’ म्हणून उठायची. इथे गोदामात सुपरवायझर आहे, स्मॉल एसवाला. पगार बरा आहे. गावाकडे, घाटंजीला, मात्र अजूनही ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगतो.

पोरीचं अजून सलतं. निबंधात तिनं ‘आई सेड’ लिहिलं, ए कॅपिटल. बरोबरच होतं: ‘माय मम’मधला एम स्मॉल, पण ‘मम’ नावासारखा एकटा आला की कॅपिटल, मग आईला वेगळा न्याय का? बाईंनी लाल गोल केला आणि खाली लिहिलं, घरी इंग्रजी बोला. मी नियमासकट चिठ्ठी पाठवली. शाळेतून ‘बघतो’ असं उत्तर आलं. काय बघितलं देव जाणे. पोरगी तेव्हापासून निबंधात ‘मम’ लिहिते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. जानेवारीत साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त.

पासपोर्टवर नाव सगळंच कॅपिटलमध्ये असतं, तिथे डोकं लावू नको बाप्पा. टीसी, आधार आणि पासपोर्टवर स्पेलिंग एकच आहे का ते बघ. माझ्या टीसीवर बापाच्या नावात एक ‘एच’ जास्त होता; तो काढायला शाळेनं मला पंचायत समितीत पाठवलं, तिथून परत शाळेत. तुझं जुळत नसेल तर राजपत्रात नावदुरुस्ती छापून आणायच्या भानगडीला आत्ताच लाग, सीव्ही नंतर पाठव, मी बघून देतो.