चाळीतल्या गोष्टीत कोणता पौराणिक प्राणी लपवावा?

परळच्या चाळीतलं एक कुटुंब गुपचूप पौराणिक प्राणी वाढवतं, अशा बालकथेसाठी तुम्ही प्राणी विचारताय, तर डोळे झाकून शरभ घ्या, म्हणजे सिंहालाही भारी पडणारा पुराणांतला प्राणी. त्याच्या वाढीची गोष्ट महाभारताच्या शांतिपर्वात आयतीच आहे: ऋषीजवळ राहणारा एक कुत्रा मोठ्या जनावरांच्या भीतीपोटी त्याच्याच कृपेने बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह असा वाढत शेवटी आठ पायांचा शरभ होतो, मग त्या ऋषीच्याच जिवावर उठतो आणि पुन्हा कुत्रा होऊन बसतो. चाळीला हा क्रम फार सोयीचा. पिल्लू असेतो 'गल्लीतलं कुत्रं आणलंय' म्हणून शेजाऱ्यांना सांगता येईल. पुढे पोटमाळा, मग गच्चीवरची ताडपत्री, आणि त्यानंतर खरी पंचाईत. दहा बाय बाराची खोली, दिवसभर उघडं दार, वाटी मागायला येणाऱ्या काकू: गुपित फुटायला एवढं पुरे (माझ्या मते राक्षसी संकटापेक्षा या काकूच जास्त रंगतील). एकच पथ्य पाळा. शिवाने शरभरूप घेऊन नरसिंहाला शांत केलं, ही शैव पुराणांतली कथा वैष्णव परंपरेला मान्य नाही. मुलांच्या गोष्टीत ती ओढू नका. आणि शिवनेरी, जंजिरा अशा किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ चार पायांचा, सिंहासारखा दिसतो, तेव्हा पाय चार की आठ ते चित्रकाराशी आधीच ठरवून घ्या.