वाचकांचे प्रश्न : कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्च

प्रश्न : जत तालुक्यातील आमच्या शाळेत बहुतेक मुले ऊसतोड मजुरांची आहेत. मी चित्रकला आणि संगीत दोन्ही शिकवतो. शाळेत एक हार्मोनियम असून तिच्या भात्याला चिकटपट्टी लावलेली आहे. प्रशिक्षणासाठी पैसा कोठून मिळेल? साखर कारखान्याकडे ‘सीएसआर’ (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) मागावा का?

उत्तर : कारखाना सहकारी असेल तर ‘सीएसआर’ हा शब्द अर्जात घालू नका, कारण कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के खर्च करण्याचे बंधन ठरावीक आर्थिक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांवर आहे, सहकारी संस्थांवर नाही; तेथे साधी देणगीच मागावी लागते. कंपनीकडे जाताना मात्र शिक्षण आणि कला-संस्कृती हे दोन्ही विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरसाठी मान्य विषयांच्या यादीत, आहेत, हे अर्जात आवर्जून लिहा. देणगीदारांना नावाची पाटी लावता येईल अशी वस्तू देणे आवडते, शिक्षकाच्या प्रवासभाड्यावर पाटी लागत नाही. म्हणून भाडे, मुक्काम, साहित्य आणि बदली शिक्षकाचे मानधन यांचा वेगवेगळा हिशेब द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, हा आधार मुख्याध्यापकांपुढे ठेवावा. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रही शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. आणि भात्याचे म्हणाल, तर मिरजेत वाद्ये बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे दोन दिवस बसून दुरुस्ती शिकणे हेही प्रशिक्षणच असून त्याला एसटीच्या तिकिटापलीकडे फारसा खर्च येऊ नये.