मेरिल तोंडपाठ होता, मग चाचणीत अडलं कुठे?

पत्र : माझी मुलगी बी.एड. करून घणसोलीच्या एका शाळेत तीन वर्षं विज्ञान शिकवतेय. तिला इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे प्रशिक्षणाचे धडे आखणारी, व्हायचंय. ऐरोलीच्या एका कंपनीच्या चाचणीत नापास झाली. धडा कसा आखावा हे सांगणारी मेरिलची थिअरी तोंडपाठ होती, तरीही! शाळा सोडून महागडा कोर्स करते म्हणतेय. करू द्यावा का? चाचणीतला तिचा नमुना सोबत जोडलाय.
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, फी इतक्यात भरू नका. नमुना मी दोनदा वाचला. विषय, कामगारांना आग विझवायला शिकवणं. उद्दिष्टात ती लिहिते, 'कामगाराला आगीचा प्रकार ओळखता येईल.' आणि शेवटी प्रश्न विचारते, 'आगीचे प्रकार लिहा.' अडलं ते इथं. प्रकार घडाघडा म्हणून दाखवणारा माणूसही पेटत्या तेलावर पाण्याची बादली ओततो.

डेव्हिड मेरिल यांनी 1983 मध्ये मांडलेल्या कम्पोनंट डिस्प्ले थिअरीचा जीव याच जागी आहे. आशय चार प्रकारचा : तथ्य, संकल्पना, कार्यपद्धती, तत्त्व. शिकणाऱ्यानं तो लक्षात ठेवायचा, वापरायचा किंवा त्यातून नवं शोधायचं. या चार प्रकारांचा आणि तीन कामांचा तक्ता होतो. तथ्य नुसतं लक्षात ठेवायचं असतं, म्हणून त्यात बारा नाही, दहाच घरं भरतात. अग्निशमन दलाचा नंबर 101, हे तथ्य. पाठ केलं की झालं. 'तेलाची आग' ही मात्र संकल्पना. तिची व्याख्या सांगा, उदाहरणं दाखवा, पण परीक्षा घ्यायची ती न पाहिलेल्या प्रसंगावर : कँटीनमध्ये कढई पेटलीय, पलीकडे पुठ्ठ्याचे खोके धुमसतायत, कुठली आग कुठल्या प्रकारची? आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढून नळी आगीच्या बुडाशी रोखणं ही कार्यपद्धती. ती कामगाराकडून करूनच घ्यायची. तेलावर पाणी का नको, हे तत्त्व : पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं तेल चौफेर उडतं.

शाळा सोडू देऊ नका. पोरं कुठं अडतात हे तिनं तीन वर्षं रोज पाहिलंय, ते कुठल्याच कोर्सात मिळत नाही. तिला हाच नमुना पुन्हा लिहायला सांगा. प्रत्येक उद्दिष्टासमोर तक्त्यातलं घर लिहायचं आणि प्रश्न त्याच घरातला आहे ना, ते पडताळायचं. दुसरा नमुना तिच्याच वर्गातल्या एखाद्या धड्यावर करू दे. इंग्रजीत स्टोरीबोर्ड, म्हणजे धड्यात पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल याचा आराखडा, लिहायचा सराव मात्र आजपासून हवा. या कंपन्यांचं बरंचसं काम इंग्रजीतच चालतं.

दोन्ही नमुने तयार झाले की मला पाठवा. अर्ज त्यानंतर करू.