रोपवाटिकेची वेबसाइट गुगलवर दिसत नाही. सहा महिन्यांत पहिल्या पानावर आणायची हमी देणाऱ्या एजन्सीला महिना 15 हजार द्यावेत का, की स्वतः करता येईल?

नका देऊ.

आता सविस्तर. तुमच्या प्रश्नातली ती 'हमी' वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. या हमीपायी आमच्या घरात एक अख्खा उन्हाळा भांडणात गेलाय आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने साइटमालकांसाठीच्या मदतपानांवर स्वच्छ लिहून ठेवलंय. अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहा, असंही तिथेच आहे. आणि काम सुरू केल्यावर फरक दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं, हेही. मग ही मंडळी हमी देतात कशाच्या जोरावर? शब्द तेच निवडतात म्हणून. 'बेस्ट क्वालिटी हायब्रीड प्लांट सप्लायर इन निफाड तालुका' असलं काहीतरी यादीत घालतात. असलं कोणी टाइपच करत नाही, त्यामुळे तिथे स्पर्धाही नाही. पंधरा दिवसांत तुम्ही पहिले! शेतकरी शोधतो 'डाळिंब रोप किंमत', तेही निम्म्या वेळा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून.

आता आमची गोष्ट.

माझ्या ताईचं सासर कराडजवळ. लॉकडाऊनमध्ये शेजारपाजारच्यांच्या पुण्या-मुंबईतल्या मुलांना कांदा लसूण मसाला पाठवता पाठवता तिचा धंदा उभा राहिला. वेबसाइट मी करून दिली, फुकट. (फुकट केलेल्या कामाला घरात काय किंमत असते ते पुढे येईलच.) साइट अगदी साधी होती. पांढरं पान, काळी अक्षरं, वर्डप्रेसची फुकटातली थीम, ताईने मोबाइलवर काढलेले फोटो. पण त्यात एक पान होतं: एक किलो मिरचीच्या मसाल्याला काय काय लागतं आणि किती. ताई सांगत गेली, मी टाइप करत गेले. रंगाला बेडगी किती, झणक्याला लवंगी किती. कांदा उभा चिरून किती वाळवायचा आणि मग तळायचा. खोबरं कुठवर भाजायचं. डंकावर नेताना काय वेगळं बांधून न्यायचं. दुसरं पान होतं पावसाळ्यात मसाल्याला बुरशी लागू नये म्हणून काय करायचं याचं: बरणी कोरडी कशी करायची, हिंगाचे खडे कुठे ठेवायचे, ओला चमचा घालणाऱ्या सुनेला काय सांगायचं.

दाजींना ते पहिलं पान डोळ्यांसमोर नको असायचं. "रेसिपी फुकट वाटल्यावर मसाला विकत कोण घेणार?" दाजींचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, तिथल्या हिशोबाने त्यांचं बरोबरच असेल. मी म्हणायचे, "दाजी, ठाण्यातल्या वन बीएचकेत एक किलो मिरच्या भाजून बघा. तिसऱ्या मजल्यापर्यंत ठसका जातो, सोसायटीचा सेक्रेटरी दारात येतो. आणि डंक कुठून आणणार?" रेसिपी शोधणाऱ्या बाईला आईच्या हातचा मसाला आठवलेला असतो. पान वाचून होईस्तोवर हे आपल्याच्यानं होणार नाही हे तिला कळलेलं असतं, आणि त्याच पानाखाली ऑर्डरचा नंबर असतो. सर्च कन्सोलमध्ये (लोक गुगलवर काय शोधून साइटवर आले ते साइटमालकाला दाखवणारं गुगलचं साधन) हे उघड दिसत होतं. येणाऱ्यांतले बहुतेक या दोन पानांवरून येत. 'आमची उत्पादने' या पानावर थेट गुगलवरून जवळजवळ कोणी येतच नव्हतं. सर्च कन्सोल फुकट आहे आणि त्यात मागच्या 16 महिन्यांचा हिशोब दिसतो. पण दाजींना तो आलेख कधी पटला नाही. "तुझं ते घरबसल्याचं काम," एवढंच.

मग दाजींच्या मित्राच्या ओळखीने पुण्याची एक एजन्सी आली. काचेच्या दाराचं ऑफिस, टाय लावलेला मुलगा. पॅकेज असं: नवी साइट, महिन्याला 200 बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका), 40 कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) पहिल्या पानावर. हमी! दाजींनी चेक फाडला, मला नंतर कळलं.

नवी साइट दिसायला चकाचक होती, खोटं कशाला बोलू. उघडली की मिरच्यांचे फोटो सरकायचे, वर सोनेरी अक्षरांत 'परंपरेची चव'. पण माहिती सगळी बॅनरच्या चित्रांत. डीटीपीवाल्याने लग्नपत्रिकेच्या वळणाच्या अक्षरांत करून दिलेल्या जेपीजी फाइली. एखादं वाक्य निवडायला माउस ओढला की अख्खं चित्र निळं व्हायचं. असल्या अक्षरांच्या भरवशावर पान वर येत नसतं. रेसिपीचं पान 'प्रोफेशनल वाटत नाही' म्हणून काढून टाकलेलं. राहिलेल्या पानांचे पत्ते बदललेले, आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्यावर पाठवायची काहीच सोय नाही. ज्यांनी जुनी लिंक मामीच्या ग्रुपवर टाकली होती, त्या सगळ्यांना 'पान सापडत नाही'.

मार्च उजाडला. वर्षाचा मसाला लोक उन्हाळ्यात भरतात, ताईचे कमाईचे महिने तेच. फोन वाजेना. एजन्सीचा अहवाल मात्र दर महिन्याला पीडीएफमध्ये यायचा आणि दाजी त्याची प्रिंट काढून फाइलला लावायचे. बॅकलिंक इतक्या झाल्या, 'डीए' 4 वरून 11 वर गेला. हा डीए म्हणजे मोझ नावाच्या खाजगी कंपनीने स्वतःच्या सूत्राने काढलेला अंदाज, गुगल तो वापरत नाही. आणि बॅकलिंक कुठल्या, तर परदेशातल्या फर्निचरच्या आणि जुगाराच्या साइटवरच्या. गुगलने एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला तो असल्याच लिंकांना आळा घालायला. आता अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्या मोजल्याच जात नाहीत. म्हणजे दाजींचे पैसे शून्य भावात गेले.

मी काही बोलले की दाजी मोबाइलवर ताईच्या ब्रँडचं नाव टाकून दाखवायचे. "हे बघ, पहिल्या नंबरला!" पहिल्या नंबरला असायचं तिचं इन्स्टाग्राम आणि नकाशावरचा पत्ता. साइट कुठेच नव्हती.

शेवटी चुलत भावाच्या साखरपुड्याला सगळे जमलेले असताना मी लॅपटॉप उघडला. कंट्रोल आणि यू एकत्र दाबलं की पानामागचा मजकूर दिसतो. वरच्या काही ओळींतच सापडलं: मेटा नेम रोबॉट्स, कंटेंट नोइंडेक्स, नोफॉलो. म्हणजे गुगलला सूचना, हे पान घेऊ नका. थोडक्यात, पदरचे पैसे मोजून आपल्याच दुकानाच्या शटरवर 'आत येऊ नये' अशी पाटी. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग इथे एक चौकट असते: सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये. साइट बांधताना तिथे खूण करतात, काम झालं की काढतात. यांनी काढलीच नव्हती. महिनोन् महिने 'एसइओ' (साइट गुगलवर वर आणायचं काम) चाललेला आणि खूण जागच्या जागी. सर्च कन्सोलने पानांच्या अहवालात नोइंडेक्समुळे वगळलेली पानं मोजून दाखवली होती. ते उघडून बघायला त्या ऑफिसात कोणाला वेळ झाला नाही.

एजन्सीचा खुलासा: "मॅडम, गुगलचा अपडेट आला होता." अपडेटने पान खाली जातं, मान्य. अपडेट तुमच्या साइटमध्ये शिरून चौकटीत खूण करत नाही. दाजींनी मात्र तो खुलासा मान्य केला.

मी खूण काढली. रेसिपीचं पान माझ्याकडच्या प्रतीवरून पुन्हा चढवलं, त्याच जुन्या पत्त्यावर. बाकीचे जुने पत्ते 301 रीडायरेक्टने नव्यांना जोडले. ही जोडणी निदान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं, मी कायमचीच ठेवते. मुख्य पानं सर्च कन्सोलमधून पुन्हा तपासायला पाठवली. हळूहळू लोक यायला लागले, पण तोवर पाऊस सुरू झाला होता आणि मसाल्याचा सीझन संपला होता. यावर दाजींचं म्हणणं ऐका: "बघ, सहा महिन्यांत रिझल्ट येईल म्हणाले होते, आला की नाही?" पुढच्या दिवाळीतही चारचौघांत हेच.

तर, तुमच्या रोपवाटिकेबद्दल.

पहिल्यांदा गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट', कोलन आणि लगेच तुमचा पत्ता असं टाइप करा, मध्ये जागा न सोडता. तुमची पानं आली तर साइट गुगलकडे आहे, प्रश्न क्रमांकाचा आहे. एकही आलं नाही तर आधी वरची ती चौकट बघा. त्याला महिना 15 हजार लागत नाहीत.

रोपवाटिका म्हणजे माणूस गाडी घेऊन येणार, त्यामुळे वेबसाइटपेक्षा नकाशावरचं तुमचं बिझनेस प्रोफाइल आधी नीट करा. प्रकार 'प्लांट नर्सरी' निवडलाय का, वेळ बरोबर आहे का, फोन लागतो का, फोटो रोपांचे आहेत की उद्घाटनाच्या फितीचे. रोपं जगलेल्या शेतकऱ्यांना मागून अभिप्राय घ्या. पुतण्यांकडून पाच-पाच तारे टाकून घेऊ नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पानं कोणती लिहायची हे तुमचं व्हॉट्सअॅप सांगेल. गेल्या सीझनचे मेसेज काढा. गुटी कलम घ्यावं की टिश्यू कल्चर? भगव्या जातीच्या डाळिंबाला अंतर किती सोडायचं? अनुदानाला तुमच्या रोपवाटिकेची पावती चालते का? गाडीभाडं कोणाकडे? प्रत्येक मोठ्या प्रश्नाला एक पान, आणि उत्तर पहिल्याच परिच्छेदात. 'आमच्या रोपवाटिकेची स्थापना' नंतर. सगळं सांगून टाका, हातचं राखू नका. दाजी काहीही म्हणोत, लागवडीची माहिती वाचून कोणी घरी कलमं बांधायला बसत नाही.

भाव लिहा. 'भावासाठी संपर्क करा' वाचून माणूस पुढच्या साइटवर जातो. भाव बदलतो ना? मग तारीख टाकून लिहा आणि बदलला की बदला. पण दरवर्षी नवं पान काढू नका. 'डाळिंब रोपे 2024', मग 'डाळिंब रोपे 2025' असं केलं की दरवेळी शून्यापासून सुरुवात. पत्ता एकच ठेवा, आतला मजकूर बदला, आणि सीझन संपला म्हणून पान उडवू नका.

मेटा कीवर्ड (पानामागच्या मजकुरात घातलेली शब्दांची यादी) भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. क्रमवारीसाठी आपण ते बघत नाही हे गुगलने 2009 मध्येच सांगितलंय. फोनमधून काढलेला फोटो तसाच चढवू नका, आकार कमी करा. शेतात नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

सगळ्याच एजन्सी असल्या असतात असं नाही. पुण्यात-नाशकात नीट काम करणारे लोक आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलंय, आणि हजारो पानांचं ऑनलाइन दुकान असेल तर माणूस नेमावाच लागतो. दुसरं, नुसत्या 'प्लांट नर्सरी' असल्या मोठ्या शब्दांवर मोठ्या बाजार-साइट ठाण मांडून आहेत, तिथे डोकं फोडून घेऊ नका. तिसरं म्हणजे, भारतात 2024 पासून गुगल बऱ्याच प्रश्नांना वरच्या वर एआयचं उत्तर देतं, त्यामुळे पान दिसलं तरी क्लिक होईलच असं नाही. ताईच्या रेसिपीच्या पानालाही ते जाणवतंय. (दाजींनी हे कुठूनतरी वाचलंय. "मी तेव्हाच म्हणत होतो, ते पान काढा." ते पान का काढायला सांगत होते हे आता सोयीस्कर विसरलेत.) ऑर्डरी मात्र अजून त्याच पानाखालच्या नंबरवर येतात.

आणि एजन्सीशी बोलणं फारच पुढे गेलं असेल, तर सही करायच्या आधी डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) आणि सर्च कन्सोल तिन्ही तुमच्याच ईमेलवर आहेत ना ते बघा. त्यांना लागेल तेवढी परवानगी द्या, मालकी नाही. कोणत्या शब्दांवर हमी देताय त्याची यादी लेखी मागा, आणि ती यादी रोपं न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना वाचून दाखवा. यातलं कधी काही टाइप केलंय का, विचारा. यादी मिळाली तर इथे खाली टाका, मी बघून सांगते.